आभासी वास्तव आणि शारीराचे अध्यापन

शरीरातील अवयवांची रचना, स्थान व परस्परसंबंध यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास शारीर म्हणतात. संगणकाने निर्माण केलेल्या त्रिमितीय शरीरासमोर, किंबहुना त्या शरीराच्या आत, आपण उभे आहोत असा भास विद्यार्थ्याच्या डोळ्यांना व काही अंशी हातांना करून देऊन हे शास्त्र शिकविण्याची पद्धत म्हणजे आभासी वास्तवाद्वारे शारीराचे अध्यापन होय. त्यासाठी डोक्यावर चढवावयाचा शिरोदर्शक, हालचालींचा मागोवा घेणारे संवेदक आणि शरीराच्या प्रतिरूपाची संगणकीय आज्ञावली यांचा उपयोग करतात. भोवतालची खोली दृष्टिआड होऊन केवळ संगणकनिर्मित दृश्य दिसते, ते आभासी वास्तव. खोली दिसत राहून तिच्यातच प्रतिरूप तरंगताना दिसते, ते संवर्धित किंवा मिश्र वास्तव. अध्यापनाच्या दृष्टीने दोहोंचे प्रश्न बहुतांशी सारखे असल्याने प्रस्तुत नोंदीत त्यांचा एकत्र विचार केला आहे.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शारीर कळणे म्हणजे अवयवांची नावे पाठ होणे नव्हे. त्वचेखालचा न दिसणारा अवयव कोठे, किती खोल, कशाच्या मागे व कशाला चिकटून आहे, याचे चित्र त्याच्या मनात उभे राहावे लागते. हे चित्र चुकीचे असेल, तर सुई तंत्रिकेत शिरते किंवा शस्त्र नको ती वाहिनी कापते. हे ज्ञान शतकानुशतके मृतदेहाच्या विच्छेदनातून मिळत आले आहे. परंतु मृतदेह दुर्मिळ, नाशवंत व मानवी भावनांशी निगडित असल्याने त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. आभासी वास्तव हा त्या मालिकेतील अलीकडचा पर्याय होय. तो मृतदेहाची जागा कितपत घेऊ शकतो, हा या विषयातील मुख्य वादाचा मुद्दा आहे.

पूर्वपीठिका : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेहाच्या परीक्षणाची एक रीत सांगितली आहे. निवडलेला मृतदेह गवत, साल, कुश इत्यादींनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा, तो नदीच्या संथ पाण्यात आडबाजूस बांधून कुजू द्यावा आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू खरवडून त्वचेपासून आतील अंगप्रत्यंगांपर्यंत सर्व भाग डोळ्यांनी पाहावेत, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्ष पाहिलेले व शास्त्रात वाचलेले या दोहोंच्या मेळानेच ज्ञान वाढते, ही त्यामागील भूमिका होय.

पाश्चात्त्य परंपरेत इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हीरॉफिलस व एरासिस्ट्राटस यांनी मानवी विच्छेदने केली. पुढे गेलेन याने माकडे व इतर प्राण्यांच्या विच्छेदनावरून लिहिलेले ग्रंथ हजारांहून अधिक वर्षे प्रमाण मानले गेले. बोलोन्या येथे मोंदीनो दे लूत्सी याने १३१६ मध्ये विच्छेदनावर ग्रंथ लिहिला. तथापि त्या काळी अध्यापक उंच आसनावरून ग्रंथ वाचीत असे, कापण्याचे काम दुसराच करीत असे व विद्यार्थी दुरून पाहत असत. पॅड्युआ येथील अँड्रिअस व्हेसेलिअस (१५१४–६४) याने स्वतः हातात शस्त्र घेऊन शिकविण्यास प्रारंभ केला. त्याच्या १५४३ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झालेल्या सचित्र ग्रंथाने गेलेनच्या अनेक चुका दाखवून दिल्या. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या संक्षिप्त आवृत्तीत अवयवांची चित्रे कापून एकावर एक चिकटविण्याची सोय होती. एकेक थर बाजूला करून शरीरात खोलवर पाहण्याची ही कल्पना आजच्या संगणकीय प्रतिरूपांतही जशीच्या तशी आढळते.

मृतदेहांचा प्रश्न : विच्छेदनाचे महत्त्व वाढले, तशी मृतदेहांची टंचाई भासू लागली. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ केवळ फाशी दिलेल्या गुन्हेगारांचे देह कायद्याने उपलब्ध होत. मागणी त्याहून पुष्कळच अधिक असल्याने थडग्यांतून मृतदेह चोरून विकण्याचा व्यवसाय फोफावला. एडिंबरो येथे बर्क व हेअर या दोघांनी १८२८ मध्ये १६ व्यक्तींचे खून करून त्यांचे देह शारीराच्या एका खासगी अध्यापकास विकल्याचे उघडकीस आले, तेव्हा या व्यवहाराचे भीषण स्वरूप सर्वांसमोर आले. त्यानंतर १८३२ च्या ब्रिटिश शारीर अधिनियमाने कोणी मागणी न केलेले मृतदेह वैद्यकीय संस्थांना देण्याची तरतूद केली. यामुळे चोऱ्या थांबल्या. परंतु असे देह मुख्यतः गरिबांच्या आश्रयगृहांतून व रुग्णालयांतून येत असल्याने ज्ञानासाठी द्यावे लागणारे मोल समाजातील सर्वांत निराधार वर्गाकडून वसूल होऊ लागले.

भारतात आधुनिक पद्धतीच्या विच्छेदनास कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ मध्ये सुरुवात झाली. पंडित मधुसूदन गुप्त यांनी तत्कालीन सामाजिक निषेधाची पर्वा न करता त्यात पुढाकार घेतला. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८४५ मध्ये झाली. मुंबई शारीर अधिनियम, १९४९ अन्वये बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी संस्थांना देता येऊ लागले. पुढे स्वेच्छेने देहदान करण्याची चळवळ वाढली. इंद्राच्या वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. ज्योती बसू व नानाजी देशमुख या परस्परभिन्न विचारसरणींच्या नेत्यांचे देह २०१० मध्ये त्यांच्या इच्छेनुसार वैद्यकीय संस्थांना देण्यात आले. असे असूनही देशातील वैद्यकीय पदवीच्या वार्षिक प्रवेशसंख्येने एक लाखाचा टप्पा ओलांडल्यानंतर एका मृतदेहाभोवती अनेक विद्यार्थ्यांनी दाटीने उभे राहण्याची वेळ पुष्कळ ठिकाणी येते. मागील रांगेतील विद्यार्थ्याला मोंदीनोच्या काळातील विद्यार्थ्याप्रमाणेच दुरून पाहावे लागते.

मृतदेह टिकविण्याच्या रीतीलाही मर्यादा आहेत. फॉर्माल्डिहाइडाचा परिरक्षक गुण फेर्डिनांट ब्लूम यांनी १८९३ मध्ये दाखविला व तेव्हापासून त्याचा विद्राव सर्वत्र वापरात आला. त्याने ऊतके कठीण व करडी होतात आणि जिवंत शरीरातील रंग व मऊपणा नाहीसा होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडाचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला.

प्रतिरूपांची परंपरा : फ्लॉरेन्स येथे १७७५ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात फेलीचे फोंताना यांच्या देखरेखीखाली तयार झालेली मेणाची शरीरे आजही पाहावयास मिळतात. फ्रान्समध्ये ल्वी ओझू यांनी १८२० नंतरच्या दशकात कागदाच्या लगद्याची, भाग सुटे करून पुन्हा जोडता येतील अशी प्रतिरूपे बनविली. मेणाचे शरीर फक्त पाहता येई. ओझू यांचे प्रतिरूप हाताळताही येई. हायडल्‌बर्ग येथे गुंटर फोन हागेन्स यांनी १९७७ मध्ये ऊतकांतील पाणी व मेद काढून त्यांच्या जागी प्लॅस्टिक भरण्याची पद्धत शोधली. तिच्यामुळे खऱ्या अवयवांचे कोरडे, गंधहीन व टिकाऊ नमुने मिळू लागले.

खोलीचा भास निर्माण करण्याचे तंत्रही तसे जुनेच आहे. चार्ल्‌स व्हीट्‌स्टन (१८०२–७५) यांनी १८३८ मध्ये त्रिमितिदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली की, मेंदू त्यांचा मेळ घालून घनाकृती पाहतो, हे त्यामागील तत्त्व होय. विसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरो येथून विच्छेदनाच्या अशा जोडचित्रांचा संच निघाला. अमेरिकेत डेव्हिड बॅसेट यांनी ‘व्ह्यू-मास्टर’ या लोकप्रिय चित्रदर्शकाचे जनक विल्यम ग्रूबर यांच्या साहाय्याने १९५२–६२ या काळात दीड हजारांहून अधिक जोडचित्रांचा शारीरसंग्रह सिद्ध केला. आजच्या शिरोदर्शकात हेच तत्त्व वापरले जाते. फरक एवढाच की, बॅसेट यांचे चित्र स्थिर होते, तर आजचे चित्र पाहणाऱ्याच्या मानेबरोबर बदलते.

शरीराचे संगणकीय रूप : क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला, तेव्हा शस्त्राविना शरीराच्या आत पाहणे प्रथमच शक्य झाले. परंतु त्या छायाचित्रात पुढचे व मागचे अवयव एकमेकांवर पडत. गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या उपकरणाने १९७१ मध्ये रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे संगणकाद्वारे घेण्यात आली. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अशी अनेक छेदचित्रे क्रमाने रचली की, संगणकात अखंड शरीर उभे करता येते.

या दिशेने सर्वांत महत्त्वाचा प्रकल्प अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने हाती घेतला. कोलोरॅडो विद्यापीठात एका पुरुषाचा व एका स्त्रीचा मृतदेह गोठवून त्यांचे पृष्ठभाग यंत्राने अत्यंत पातळ थरांत खरवडण्यात आले व प्रत्येक थरानंतर उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे रंगीत छायाचित्र घेण्यात आले. पुरुषाचे थर १ मिमी. जाडीचे असून त्यांची संख्या १,८७१ आहे. ही माहिती १९९४ मध्ये खुली करण्यात आली. स्त्रीच्या देहाचे थर ०·३३ मिमी. जाडीचे असून त्यांची संख्या पाच हजारांहून अधिक आहे. ती माहिती १९९५ मध्ये उपलब्ध झाली. पुढे कोरिया व चीन या देशांतही असेच प्रकल्प झाले.

छेदचित्रे मिळाली म्हणजे प्रतिरूप तयार झाले असे नव्हे. प्रत्येक चित्रात यकृत कोठे संपते व अंतःपटल कोठे सुरू होते, या सीमारेषा आखाव्या लागतात. हे काम संगणक काही प्रमाणात करतो. तथापि बारीक तंत्रिका व वाहिन्या यांबाबत शारीरज्ञाचा निर्णय लागतोच. सीमारेषा जोडून अवयवाचा पृष्ठभाग असंख्य लहान त्रिकोणांच्या जाळ्याने व्यक्त करतात आणि त्यास रंग व चकाकी देतात. विद्यार्थ्याला दिसणारे सुबक, स्वच्छ रंगांचे शरीर हे अशा रीतीने अनेक निर्णयांचे फलित असते. ते छायाचित्रापेक्षा नकाशाला अधिक जवळचे असते.

तांत्रिक तत्त्वे : डोक्यावर चढविलेल्या दर्शकाचा पहिला महत्त्वाचा प्रयोग आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये केला. ते उपकरण इतके जड होते की, ते छताला टांगावे लागे. १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनिअर यांच्यामुळे ‘आभासी वास्तव’ ही संज्ञा रूढ झाली. २०१६ मध्ये सामान्य ग्राहकास परवडतील असे शिरोदर्शक बाजारात आल्यावर वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचा प्रसार होऊ लागला.

शिरोदर्शकात प्रत्येक डोळ्यासमोर एक पडदा व एक भिंग असते. दोन डोळ्यांतील अंतर सरासरीने सु. ६·३ सेंमी. असल्याने तेवढ्या अंतरावरील दोन बिंदूंतून दिसणारी दोन दृश्ये संगणक स्वतंत्रपणे रेखाटतो. डोके वळले की संवेदक ते टिपतात व दृश्य त्यानुसार बदलते. ही दृश्ये सेकंदास सत्तर ते नव्वद किंवा त्याहून अधिक वेळा बदलावी लागतात. मानेची हालचाल व दृश्यातील बदल यांमध्ये सु. २० मिलिसेकंदांहून अधिक अंतर पडल्यास भास विस्कटतो आणि मळमळ सुरू होते. हातातील नियंत्रकाने अवयव उचलता, फिरविता व बाजूला ठेवता येतात. काही उपकरणांत नियंत्रकाला विरोधी बल देऊन अवयवाच्या कठीणपणाचा भास निर्माण करतात. मात्र हे बल हातात धरलेल्या साधनापुरतेच जाणवते, बोटांच्या टोकांना ऊतकाचा पोत कळत नाही.

अध्यापनातील उपयोग : विच्छेदनात जे भाग नीट दिसत नाहीत किंवा पोहोचेपर्यंत नष्ट होतात, त्यांच्या अध्यापनात ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका कवटीच्या कठीण अस्थीत दडलेल्या असतात. मेंदूतील विवरे ही तर पोकळीच असल्याने ती कापून वेगळी काढता येत नाहीत. आभासी प्रतिरूपात अस्थी पारदर्शक करून वा विवराचा आकार भरीव दाखवून त्यांचे स्वरूप स्पष्ट करता येते. भ्रूणाच्या हृदयाची सरळ नळी कशी वळते व तिचे चार कप्पे कसे होतात, ही कालक्रमाने घडणारी घटना तर मृतदेहात दिसणेच अशक्य होय.

दुसरा लाभ पुनरावृत्तीचा. मृतदेहातील स्नायू एकदा कापला की पुन्हा सांधता येत नाही. आभासी शरीर मात्र क्षणात पूर्ववत होते, विद्यार्थी हवे तितक्या वेळा चुकू शकतो व मध्यरात्रीही अभ्यास करू शकतो. एकाच प्रतिरूपाभोवती निरनिराळ्या ठिकाणचे विद्यार्थी व अध्यापक एकत्र येऊ शकतात. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्ये अनेक देशांतील विच्छेदनगृहे बंद पडली, तेव्हा या सोयीचे महत्त्व विशेष जाणवले.

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने मिश्र वास्तवाच्या शिरोदर्शकासाठी शारीराचा पाठ्यक्रम तयार केला. २०१९ मध्ये उघडलेल्या त्याच्या नव्या संकुलात परंपरागत विच्छेदनगृह ठेवण्यात आले नाही. साथीच्या काळात हे शिरोदर्शक विद्यार्थ्यांच्या घरी पाठविण्यात आले. हा पाठ्यक्रम ज्या उपकरणावर आधारलेला होता, त्याचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले. व्हेसेलिअसचा ग्रंथ पावणेपाचशे वर्षांनंतरही उघडून वाचता येतो. यंत्राशी बांधलेल्या पाठ्यसाहित्याचे आयुष्य मात्र यंत्राच्या बाजारावर अवलंबून राहते, हे यावरून लक्षात येते.

शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणात अशी साधने याहून आधी आली. येल विद्यापीठात १६ प्रशिक्षणार्थी शल्यचिकित्सकांवर केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आभासी साधनावर सराव केलेल्यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय सुटे करण्याचे काम इतरांपेक्षा २९ टक्के कमी वेळात केले व त्यांच्या चुकांचे प्रमाण सु. एकषष्ठांश होते. मात्र या चाचणीत मोजले गेले ते हाताचे कौशल्य होते. शारीराचे ज्ञान त्या प्रशिक्षणार्थींनी आधीच मिळविलेले होते.

परिणामकारकता : या पद्धतीने विद्यार्थी अधिक शिकतो काय, याविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आभासी वास्तवाने शिकलेल्यांच्या गुणांत मध्यम प्रमाणात वाढ आढळली. उलट, ऑस्ट्रेलियातील बाँड विद्यापीठात २०१७ मध्ये ५९ जणांना कवटीची रचना आभासी वास्तव, संवर्धित वास्तव व साधा हाती-पडदा यांद्वारे शिकविली असता तिन्ही गटांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. आभासी वास्तवाच्या गटात डोकेदुखी, चक्कर व अंधुक दिसणे या तक्रारी मात्र अधिक होत्या. विद्यार्थ्यांना ही पद्धत आवडते व ते तिच्यात अधिक रमतात, हे बहुतेक पाहण्यांत दिसते. परंतु आवडणे व शिकणे या भिन्न गोष्टी होत.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधन या बाबतीत उद्‌बोधक आहे. मनगटाच्या अस्थींच्या संगणकीय प्रतिरूपावर तेथे केलेल्या प्रयोगांत, सर्व बाजूंनी फिरणारे प्रतिरूप मोजक्या प्रमुख बाजू दाखविणाऱ्या चित्रांपेक्षा फारसे सरस ठरले नाही. अवकाशीय आकलन कमी असलेल्या विद्यार्थ्यांना तर ते अडचणीचेच ठरले. त्याच विद्यापीठातील नंतरच्या प्रयोगांत हाती घेता येणारे घन प्रतिरूप आभासी प्रतिरूपापेक्षा अधिक परिणामकारक आढळले आणि एक डोळा झाकल्यास घन प्रतिरूपाचा हा वरचढपणा पुष्कळसा नाहीसा झाला. दोन डोळ्यांनी मिळणारे खोलीचे ज्ञान किती महत्त्वाचे आहे, हे यावरून स्पष्ट होते. ज्याला हे ज्ञान जन्मतः किंवा तिरळेपणामुळे नीट होत नाही, अशा विद्यार्थ्यास शिरोदर्शकाचा लाभ कमी होतो.

मर्यादा : आभासी शरीर आणि रुग्णाचे शरीर यांतील सर्वांत महत्त्वाचा फरक विविधतेचा आहे. संगणकातील प्रतिरूप बहुधा एकाच देहावरून किंवा ग्रंथातील प्रमाणित वर्णनावरून केलेले असते. खरी शरीरे मात्र एकसारखी नसतात. सु. चारपैकी एका व्यक्तीत निदान एका बाजूस वृक्काला एकाहून अधिक रोहिण्या असतात. आंत्रपुच्छाचे टोक निरनिराळ्या दिशांना असू शकते. पित्ताशयाच्या वाहिन्या व रोहिण्या यांच्या जोडणीत तर इतके प्रकार आढळतात की, सामाईक पित्तवाहिनीस पित्ताशयाची वाहिनी समजून कापणे हा त्या शस्त्रक्रियेतील सर्वांत गंभीर अपघातांपैकी एक मानला जातो. विच्छेदनगृहात दहा टेबलांवर दहा भिन्न शरीरे असतात व शेजारच्या टेबलावरील रोहिणी आपल्या टेबलावरील रोहिणीसारखी नाही, हे विद्यार्थी सहज शिकतो. आभासी वर्गात सर्वांसमोर एकच शरीर असते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन प्रकल्पातील पुरुषाचे आंत्रपुच्छ शस्त्रक्रियेने आधीच काढलेले होते. म्हणजे प्रमाण मानला गेलेला देहसुद्धा एका विशिष्ट माणसाचाच देह होता. रुग्णांच्या छेदचित्रांवरून अनेक प्रतिरूपे तयार करणे हा या उणिवेवरील उपाय असून त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत.

दुसरी मर्यादा स्पर्शाची. तंत्रिका व बारीक वाहिनी डोळ्यांना सारख्या दिसल्या, तरी बोटांमध्ये धरल्यावर त्या वेगळ्या जाणवतात. प्रावरणाचे थर कोठे सहज सुटतात व कोठे चिकटून असतात, हे हातालाच कळते. शिवाय संगणकात प्रत्येक अवयव वेगळ्या रंगात, स्वच्छ व सुटा दिसतो. प्रत्यक्षात तो मेद व संयोजी ऊतक यांत गुरफटलेला असतो व तो शोधून काढावा लागतो. हे शोधणे हाच विच्छेदनातील शिक्षणाचा मोठा भाग होय. कापलेले पुन्हा जुळत नाही, ही जाणीवही विद्यार्थ्यात सावधपणा निर्माण करते.

यांखेरीज मळमळ व डोळ्यांवरील ताण, उपकरणांचा खर्च व देखभाल, आज्ञावलीचे परवाने, बहुतांश साहित्य इंग्रजीत असणे आणि प्रशिक्षित अध्यापकांची उणीव याही अडचणी आहेत. प्रतिरूपातील चूक वारंवार पाहिल्याने पक्की होण्याचा धोकाही संभवतो, कारण ती ताडून पाहण्यास समोर खरे शरीर नसते.

नैतिक बाजू : आभासी शरीरामुळे मृतदेह मिळविण्यातील नैतिक प्रश्न सुटतात, असे वरवर वाटते, परंतु ते पूर्णतः खरे नाही. अमेरिकन प्रकल्पातील पुरुष हा १९९३ मध्ये टेक्सस राज्यात मृत्युदंड झालेला कैदी होता. त्याने देहदानास संमती दिली होती. तथापि मृत्युदंडाच्या छायेतील संमती कितपत स्वेच्छेची मानावी आणि देहाच्या अशा जगभर होणाऱ्या वापराची त्यास कितपत कल्पना होती, असे प्रश्न उपस्थित झाले. व्हिएन्ना येथील एडुआर्ट पेर्नकोप्फ यांच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहाबाबतही असाच प्रश्न निर्माण झाला होता. नाझी राजवटीत मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ व्यक्तींचे देह तेथील शारीरसंस्थेस मिळाले होते, असे विद्यापीठाच्या १९९८ मधील चौकशीत आढळले. मृतदेहावर यथावकाश अंत्यसंस्कार होतो. त्याची संगणकीय प्रतिमा मात्र अमर्याद काळ राहते, तिच्या प्रती निघतात व ती विकलीही जाऊ शकते. म्हणून अशा वापरासाठी दात्याची स्पष्ट व स्वतंत्र संमती असणे आवश्यक ठरते.

विच्छेदनगृहाचे आणखी एक कार्य आहे. मृत्यूशी विद्यार्थ्याची पहिली भेट बहुधा तेथेच होते. ज्याने आपला देह दिला, त्याच्याविषयी कृतज्ञता व देहाविषयी आदर ही मूल्ये तेथे रुजतात. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनास प्रारंभ करण्यापूर्वी विद्यार्थी शपथ घेतात. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या सक्षमताधिष्ठित पाठ्यक्रमातही मृतदेह आदरपूर्वक व योग्य रीतीने हाताळणे हे शारीराच्या विद्यार्थ्याचे एक अपेक्षित कौशल्य म्हणून नमूद केले आहे. कळ दाबताच नाहीसे होणारे शरीर हा संस्कार करू शकेल, असे मानण्यास आधार नाही.

समन्वय : वरील कारणांमुळे बहुसंख्य शारीरज्ञ आभासी वास्तवाकडे विच्छेदनाचा पर्याय म्हणून न पाहता पूरक साधन म्हणून पाहतात. विच्छेदनापूर्वी प्रतिरूपात रचना पाहून घ्यावी, मग मृतदेहात ती हाताने शोधावी आणि नंतर पुन्हा प्रतिरूपात तिचा इतर भागांशी असलेला संबंध तपासावा, असा क्रम उपयुक्त समजला जातो. यामुळे उपलब्ध थोड्या मृतदेहांचा अधिक चांगला उपयोग होतो व मागील रांगेतील विद्यार्थीही तयारीनिशी टेबलाजवळ येतो. जेथे देह मिळतच नाहीत, तेथे आभासी प्रतिरूप हे केवळ पुस्तकापेक्षा निश्चितच अधिक चांगले होय. परंतु त्याची उपलब्धता हे देहदानाच्या कार्यात शिथिलता आणण्याचे कारण होऊ नये. मेणाच्या शरीरापासून शिरोदर्शकापर्यंतची सर्व प्रतिरूपे कोणाच्या तरी खऱ्या देहावरूनच घडली आहेत आणि ती बिनचूक आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी पुन्हा खऱ्या देहाकडेच वळावे लागते.